साहेबांनी सांगितलं म्हणून

४ एप्रिल २०१३ रोजी संध्याकाळी शीळफाट्याजवळच्या लकी कंपाउंडमध्ये बांधकाम चालू असलेली इमारत कोसळली आणि ७४ माणसं मेली. वर मजले चढत होते आणि खाली मजुरांचे संसार मांडलेले होते, त्यामुळे मेलेल्यांत लहान मुलंही पुष्कळ. इमारतीला परवानगी नव्हती. काही महिन्यांत ती एवढी वाढली होती. बिल्डरांना अटक झाली, हे नेहमीचंच. पण त्यांच्या पाठोपाठ महापालिकेचे अधिकारी, पोलीस अधिकारी आणि एक नगरसेवकही आत गेले, आणि कलम लागलं ते सदोष मनुष्यवधाचं. ठाणेकरांच्या डोळ्यांना हे दृश्य सवयीचं नव्हतं.

कोलशेत आणि शीळ ही एकाच महापालिकेची दोन टोकं. कोलशेतला रासायनिक कारखान्यांच्या जागी टॉवर उभे राहिले, आणि प्रत्येकाच्या दारात महारेराचा क्रमांक लिहिलेला फलक लागला. इथे बाल्कनी वीतभर पुढे आली तरी नकाशावर लाल शेरा पडतो. तिकडे त्याच पालिकेला अख्खी इमारत दिसत नाही. जून २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने त्याच शीळमधल्या १७ बेकायदा इमारती पाडायचा आदेश दिला, आणि पालिका अधिकाऱ्यांच्या आशीर्वादाशिवाय हे उभं राहूच शकत नाही, अशा अर्थाने सुनावलं. आशीर्वादाला कोणतं कलम लागतं, एवढाच या लेखाचा प्रश्न आहे.

अशी इमारत उभी राहायला किती माणसं लागतात ते बघा. प्लॉटवर रेती-खडी उतरते ती बीट निरीक्षकाला दिसते. तो प्रभाग समितीला कळवतो, किंवा कळवत नाही. कळवलं तर सहायक आयुक्त पदनिर्देशित अधिकारी म्हणून नोटीस काढतात. नोटिशीला जावक क्रमांक पडतो. पाडकामाला बंदोबस्त हवा म्हणून पोलीस ठाण्याला पत्र जातं. पोलीस ठाण्याचं उत्तर येतं की सण आहेत, मोर्चे आहेत, मनुष्यबळ उपलब्ध होताच कळवण्यात येईल. तोवर आणखी दोन स्लॅब भरलेले असतात. मग विजेचं मीटर बसतं, नळजोडणी होते, शास्तीसह घरपट्टीचं बिल निघतं. इमारत पडल्यावर फाइल उघडली की प्रत्येकाच्या हातात आपापला कागद असतो, आणि प्रत्येक कागदाचं म्हणणं एकच: मी माझं काम केलं. सगळ्यांनी आपापलं काम केलं आणि ७४ माणसं मेली.

हा गुंता फौजदारी कायद्याला नवा नाही. १८६० च्या भारतीय दंड संहितेत त्यासाठी चांगली मोठी जाळी विणून ठेवलेली होती. समान इराद्याचं कलम ३४, बेकायदा जमावाचं १४९, अपप्रेरणेचं १०७, आणि १९१३ मध्ये भर पडलेलं कटाचं १२०-ब. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेत त्यांचे आकडे बदलले, आशय तोच राहिला. १९२४ मध्ये प्रिव्ही कौन्सिलपुढे कलकत्त्याच्या एका पोस्टमास्तरच्या खुनाचं अपील आलं. आरोपी बारेंद्रकुमार घोष म्हणत होता, मी नुसता अंगणात उभा होतो, गोळ्या दुसऱ्यांनी झाडल्या. ते मान्य केलं तरी फरक पडत नाही, असं कौन्सिलने ठरवलं: ज्या कामासाठी सगळे मिळून गेले होते त्या कामात बाहेर उभं राहणं हाही वाटाच. तेव्हापासून जून २०२४ पर्यंत कुठल्याही तालुक्याच्या पोलीस ठाण्यात चारजणांवर गुन्हा नोंदवताना ठाणे अंमलदार ‘सह कलम ३४’ लिहून मोकळा व्हायचा; आता फक्त आकडा बदलला आहे.

म्हणजे शेजारी उभ्या असलेल्या माणसाला पकडण्यात आपला कायदा कुठेही कमी पडत नाही. माझं म्हणणं असं की तो आडवा पसरतो, पण वर चढत नाही. आणि पसरतो तेव्हा कुणाचा वाटा किती, हे मोजत नाही. या दोन उणिवा एकमेकींना पोसतात. त्या कशा, हे बघायला महाराष्ट्रातलाच एक खटला पुरेसा आहे.

११ नोव्हेंबर २००६ रोजी दुपारी वाशीतून रामनारायण गुप्ता ऊर्फ लखनभैया आणि त्याचा एक मित्र यांना साध्या वेशातल्या माणसांनी उचललं. लखनभैया छोटा राजन टोळीचा म्हणून पोलिसांच्या यादीत होता. त्याचा भाऊ वकील. भावाने त्याच दुपारी पोलीस अधिकाऱ्यांना तारा पाठवल्या, फॅक्स केले, की माझ्या भावाला उचलून नेलं आहे, त्याच्या जिवाला धोका आहे. रात्री वर्सोव्याच्या नाना-नानी पार्कजवळ चकमक झाली आणि लखनभैया मारला गेला, अशी पोलिसांची नोंद झाली. पुढची सगळी वर्षं खटला या दोन कागदांमधल्या अंतरावर उभा होता: एका बाजूला दुपारची तार, दुसऱ्या बाजूला पोलीस ठाण्याची स्टेशन डायरी. डायरीत कोणतं पथक कधी निघालं, कोणाला कोणतं हत्यार दिलं, खबऱ्याची टीप केव्हा आली, हे सगळं व्यवस्थित होतं. दुपारी उचललेला माणूस रात्री ‘सापळ्यात’ कसा आला, एवढंच त्यात बसत नव्हतं.

स्टेशन डायरी लिहिणारा माणूस गोळी झाडत नाही. गाडी चालवणारा, सोबत उचललेल्या मित्राला हॉटेलात डांबून ठेवणारा, हत्यार वाटपाच्या वहीत वेळ टाकणारा, यांतलं कुणीही झाडत नाही. जुलै २०१३ मध्ये सत्र न्यायालयाने २१ जणांना दोषी धरलं, त्यातले १३ पोलीस. काहींवर प्रत्यक्ष खुनाचा ठपका होता, बाकीच्यांवर त्यात साथ दिल्याचा. ज्याच्या नावाने हे पथक ओळखलं जायचं ते अधिकारी प्रदीप शर्मा मात्र सुटले. १९ मार्च २०२४ रोजी उच्च न्यायालयाच्या न्यायमूर्ती रेवती मोहिते डेरे आणि गौरी गोडसे यांनी ते फिरवलं. खालच्या न्यायालयाने नाकारलेला बंदुकीच्या तपासणीचा पुरावा त्यांनी ग्राह्य धरला, शर्मांना जन्मठेप दिली, आणखी १३ जणांची शिक्षा कायम केली आणि सहा नागरिकांना पुराव्याअभावी सोडलं. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आहे. मधल्या काळात, २०११ मध्ये, त्या दिवशी लखनभैयासोबत उचललेला मित्र साक्ष द्यायच्या तोंडावर बेपत्ता झाला; त्याचा मृतदेह तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यात मनोरजवळ सापडला.

याच खटल्यातल्या पोलिसांच्या जामिनाचा प्रश्न २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयात पोहोचला होता. न्यायमूर्ती मार्कंडेय काटजू आणि ज्ञानसुधा मिश्रा यांनी जामीन रद्द ठेवताना थेट न्यूरेंबर्गचा दाखला दिला. हुकूम तो हुकूम, असं म्हणणाऱ्या नाझींना फाशी झाली, तेव्हा वरून आदेश होता ही सबब पोलिसांनाही तारणार नाही, हे त्यांनी बजावलं. वाशी आणि वर्सोव्याच्या मधल्या एका खुनाला १९४६ च्या जर्मनीचा नियम लावला गेला. याच निकालात खोटी चकमक करणाऱ्या पोलिसांना फाशीच व्हायला हवी, असंही म्हटलं आहे. जामिनाच्या अर्जावर फाशीची भाषा कशाला, हे मला आजही कळलेलं नाही. खटला उभा राहण्याआधीच शिक्षेचा आकडा जाहीर करणं ही न्यायमूर्तींची सात्त्विक चीड असेल, पण तीच चीड पुढे अडचणीची ठरते. ती कशी, ते पुढे सांगतो.

न्यूरेंबर्गचा नियम खरं तर तेवढा कडक नाही, जेवढा आपण समजतो. तिथल्या सनदेच्या आठव्या कलमाने वरिष्ठांचा आदेश हा बचाव म्हणून नाकारला, पण शिक्षा कमी करताना तो विचारात घेण्याची मुभा ठेवली. हेगचं आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालय उभारणाऱ्या १९९८ च्या रोम करारातलं ३३ वं कलम आणखी एक पायरी खाली उतरतं: आदेश पाळणं कायद्याने बंधनकारक होतं, तो बेकायदा आहे हे माहीत नव्हतं आणि तो उघडउघड बेकायदा नव्हता, या तिन्ही गोष्टी जुळल्या तरच सुटका. आपल्या १८६० च्या संहितेत कलम ७६ खालीही असंच एक उदाहरण होतं. कायद्याला धरून असलेल्या आदेशावरून जमावावर गोळी झाडणारा शिपाई गुन्हा करत नाही. सगळी मेख ‘कायद्याला धरून’ या शब्दांत आहे आणि ती मेकॉलेच्या काळापासून तिथेच आहे. ‘साहेबांनी सांगितलं म्हणून’ हे वाक्य आपल्या न्यायालयांत कधीच बचाव नव्हतं. आपल्या पोलीस ठाण्यांत आणि पालिकेच्या कॅबिनमध्ये मात्र ते रोज चालतं, कारण ते वाक्य कोर्टापर्यंत जाण्याची वेळच फारशी येत नाही.

ती वेळ का येत नाही, याचं एक कारण मला वाटा न मोजण्यात दिसतं. खुनाला आपल्याकडे जन्मठेपेपेक्षा कमी शिक्षा नाही. खुनाला साथ देणाऱ्यालाही तीच. समान इरादा सिद्ध झाला की गोळी झाडणारा आणि गाडी चालवणारा एका ओळीत उभे राहतात, आणि न्यायाधीशाच्या हातात दोनच पर्याय उरतात: निदान जन्मठेप किंवा निर्दोष. लखनभैया खटल्यात शिक्षा झालेले सगळे २१ जण जन्मठेपेलाच गेले. मग प्रत्येक शिपायासमोर हिशेब स्वच्छ असतो. खरं बोललो तर माझीही जन्मठेप पक्की, गप्प बसलो तर वाचण्याची थोडीफार आशा. माफीचा साक्षीदार होण्याची वाट एखाद्यालाच मोकळी असते. बाकीच्यांना कायदा साहेबांच्या पदराआड ढकलतो.

तुलनेला रायगडचा किनारा घेऊ. ९ जानेवारी १९९३ च्या रात्री दिघीला चोरटा माल उतरला. तो घेऊन निघालेली वाहनं म्हसळा भागातल्या गोंडघर फाट्यावर पोलिसांनी अडवली. बोलणी झाली, रोकड पुरेशी नव्हती म्हणून चांदीच्या विटा तारण ठेवल्या गेल्या, वाहनं सुटली. त्या मालात हत्यारं होती. १२ मार्चला मुंबईत जे बॉम्बस्फोट झाले त्यांत २५७ माणसं मेली. पोलिसांचं म्हणणं असणार की आम्हाला चांदी वाटली. चांदीची तस्करी तर त्या किनाऱ्यावर पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली. टाडाच्या कलम ३(३) खाली, म्हणजे दहशतवादी कृत्याला जाणूनबुजून साह्य केल्याबद्दल, ते दोषी ठरले, आणि मार्च २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर तो अध्याय संपला. टाडा हा वाईट कायदा होता. पोलिसांपुढचा कबुलीजबाब पुरावा म्हणून चालवणारा कायदा चांगला असूच शकत नाही. पण त्या एका कलमात पाच वर्षांपासून जन्मठेपेपर्यंत जागा होती, म्हणून न्यायालयाला उपनिरीक्षकाला जन्मठेप आणि शिपायांना काही वर्षांची कैद असा फरक करता आला. बोलणी कोणी केली आणि बाजूला कोण उभं होतं, याला तिथे किंमत मिळाली.

जर्मनीत हा फरक आणखी पुढे गेला आहे. डॅन्झिगजवळच्या श्टुटहोफ छळछावणीत १९४३ ते १९४५ या काळात कमांडंटच्या कार्यालयात लघुलेखन आणि टंकलेखन करणाऱ्या एका बाईवर तब्बल पाऊणशे वर्षांनी खटला चालला. गुन्ह्याच्या वेळी ती अठरा-एकोणीस वर्षांची, म्हणून खटला बाल न्यायालयात. निकालाच्या वेळी वय ९७. डिसेंबर २०२२ मध्ये दहा हजारांहून जास्त खुनांना साह्य केल्याबद्दल ती दोषी ठरली, आणि शिक्षा झाली दोन वर्षांची, तीही स्थगित. ऑगस्ट २०२४ मध्ये वरच्या न्यायालयाने निकाल कायम ठेवला. आपल्याकडे अनेकांना हा विनोद वाटेल. दहा हजार खून आणि एक दिवस तुरुंग नाही! मला तो अतिशय गंभीर निकाल वाटतो. तुझ्या टाइपरायटरमधून गेलेल्या आदेशांवर माणसं मेली आणि तुला ते माहीत होतं, एवढं न्यायालयाला जाहीर करायचं होतं. ते त्याने केलं. म्हातारीला कोठडीत टाकणं हा त्यातला दुय्यम भाग. दोषी ठरवणं आणि कठोर शिक्षा देणं यांना एकत्र बांधून ठेवल्यामुळे आपण दोन्ही गमावतो. साथीदाराला जन्मठेप देववत नाही, म्हणून त्याला आरोपपत्रातून अलगद बाहेर ठेवलं जातं.

मग वाटा मोजायचा कशाने? १९४६ च्याच मार्चमध्ये हॅम्बर्गला ब्रिटिश लष्करी न्यायालयापुढे तीन माणसं उभी होती. झिक्लॉन-बी नावाचं कीटकनाशक पुरवणाऱ्या कंपनीचा मालक ब्रुनो टेश, त्याचा दुय्यम कार्ल वाइनबाखर, आणि तिसरा कंपनीचा गॅस तंत्रज्ञ. कंपनीचा धंदा कायदेशीर, बिलं चोख, कुणी कुणाला हात लावलेला नाही. छावण्यांत हा गॅस माणसांवर वापरला जातो हे यांना माहीत होतं का, आणि माहीत असून पुरवठा थांबवणं यांच्या हातात होतं का, असे दोन प्रश्न न्यायालयापुढे आले. मालकाला आणि त्याच्या दुय्यमाला दोन्ही प्रश्नांचं उत्तर बाधलं आणि ते फासावर गेले. तंत्रज्ञ सुटला, पुरवठ्याच्या बाबतीत त्याच्या शब्दाला कंपनीत काही वजनच नव्हतं. तिघेही एकाच छताखाली काम करत होते, पगार एकाच तिजोरीतून घेत होते. न्यायालयाने छत आणि तिजोरी बाजूला ठेवली.

काय माहीत होतं आणि हातात काय होतं, या दोन प्रश्नांनी शीळची फाइल पुन्हा वाचून बघा. बीट निरीक्षकाला माहीत असतं, पण त्याच्या हातात एक अहवाल असतो. सहायक आयुक्ताच्या हातात नोटीस आणि पाडकाम. उपायुक्ताच्या हातात सहायक आयुक्ताची बदली. आणि त्याही वर ज्यांच्या फोनवर बंदोबस्त मिळतो किंवा मिळत नाही, त्यांच्या हातात सगळंच, फक्त कागदावर त्यांचं काही नाही. खाली ज्ञान जास्त आणि सत्ता कमी. वर सत्ता जास्त आणि ज्ञान नसल्याचा कागदोपत्री पुरावा. आपली यंत्रणा ही दुसरी गोष्ट मुद्दाम तयार करते. फोन तोंडी होतो, लेखी काही मागू नये हा शिष्टाचार असतो.

इथे आपला कायदा वर चढत नाही. कटात सामील होता, चिथावणी दिली, इरादा समान होता, यातलं काहीतरी सिद्ध करावं लागतं. आंतरराष्ट्रीय कायद्यात मात्र दुसऱ्या महायुद्धानंतर एक वेगळी कल्पना रुजली. जपानी सेनापती यामाशिताला फिलिपाइन्समध्ये सैनिकांनी केलेल्या कत्तलींसाठी १९४६ मध्ये फाशी झाली, त्याने आदेश दिल्याचा पुरावा नसताना, सैन्याला आवरलं नाही म्हणून. हे अती झालं, असं तेव्हाच अमेरिकी सर्वोच्च न्यायालयातल्या दोन न्यायमूर्तींनी विरोधी मत देऊन म्हटलं होतं आणि मलाही ते पटतं. पण त्या कच्च्या कल्पनेला पुढे आकार आला. रोम कराराच्या २८ व्या कलमानुसार वरिष्ठ जबाबदार धरला जातो तो तिथे, जिथे माणसं खरोखर त्याच्या ताब्यात होती, काय चाललं आहे ते त्याला माहीत होतं किंवा समोर आलेल्या माहितीकडे त्याने जाणूनबुजून डोळेझाक केली, आणि थांबवण्यासाठी किंवा चौकशीसाठी जे शक्य होतं ते त्याने केलं नाही. आदेशाचा कागद मागितला जात नाही. कागद नसणं हाच ज्यांचा बचाव, त्यांचा बचाव तिथे लंगडा पडतो.

भारताने १९९८ मध्ये रोम करारावर मतदान करताना तटस्थ राहणं पसंत केलं आणि आजही आपण त्याचे सदस्य नाही. सदस्य व्हावं की नाही हा परराष्ट्र धोरणाचा विषय, त्यावर मतभेद असू शकतात. पण ती कल्पना देशी कायद्यात आणायला हेगची परवानगी लागत नाही. डिसेंबर २०१८ मध्ये सज्जनकुमार यांना १९८४ च्या शीखविरोधी हिंसाचारात दोषी ठरवताना दिल्ली उच्च न्यायालयाने खंत व्यक्त केली की मानवतेविरुद्धचे गुन्हे आणि वंशसंहार हे आपल्या फौजदारी कायद्यात नाहीतच. अशा हिंसाचाराच्या यादीत त्याच निकालाने १९९३ ची मुंबईही धरली होती. नवी न्याय संहिता त्यानंतर पाच वर्षांनी झाली. ती पोकळी तशीच राहिली.

मुंबईच्या यादीत सुलेमान उस्मान बेकरी आहे. ९ जानेवारी १९९३ रोजी, गोंडघर फाट्यावर वाहनं सुटली त्याच तारखेला, मोहम्मद अली रोडवरच्या या बेकरीत घुसून पोलिसांनी गोळ्या झाडल्या. दंगलींची चौकशी करणाऱ्या श्रीकृष्ण आयोगाने पोलिसांची कहाणी अविश्वसनीय ठरवली. गुन्हा नोंदला गेला तेव्हा आरोपींत तत्कालीन सहपोलीस आयुक्तही होते. २००३ मध्ये ते आणि इतर काहीजण आरोपमुक्त झाले. पुढे २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही त्यात हात घालायला नकार दिला. उरलेल्या खालच्या पोलिसांवर खटला पुढे रखडत राहिला. आरोपमुक्त झालेल्या माणसाला मी गुन्हेगार म्हणणार नाही, म्हणता येणारही नाही. प्रश्न असा की आत काय घडलं हे विचारण्याची, घडल्यावर चौकशी लावण्याची जबाबदारी पथक घेऊन जाणाऱ्या वरिष्ठावर होती का, हे तपासणारं कलमच न्यायालयाच्या हाती नव्हतं.

गंमत म्हणजे तसलं एक बारकं कलम आपल्याकडे पालिकेच्या बाबतीत आहे. नगररचना कायद्याच्या ५६-अ कलमात बेकायदा बांधकाम नजरेला आणून देऊनही पुरेशा कारणाशिवाय कारवाई न करणाऱ्या पदनिर्देशित अधिकाऱ्याला तीन महिन्यांपर्यंत कैद सांगितली आहे. म्हणजे न करणं हाही गुन्हा, हे आमदारांनी एकदा मान्य केलं आहे. पण ते थांबलं पदनिर्देशित अधिकाऱ्याच्या टेबलापाशी, त्याच्या वरच्या मजल्यावर गेलंच नाही. सरकारी नोकरावर खटल्यासाठी लागणारी मंजुरीही वरच्याच मजल्यावरून येते. नव्या नागरिक सुरक्षा संहितेने १२० दिवसांत निर्णय झाला नाही तर मंजुरी मिळाली असं समजावं, अशी तरतूद केली आहे. सुधारणा म्हणून ती चांगली. पण मंजुरी नाकारणाऱ्याचाच त्या प्रकरणात हात असेल तर काय, याला त्यात उत्तर नाही.

यावर ठरलेला आक्षेप येतो: असं केलंत तर अधिकारी सहीच करणार नाहीत. ठाण्याच्या पालिकेत सही न करण्याची अडचण आहे असं म्हणणाऱ्याने शीळची फाइल वाचलेली नाही. तिथे सह्या भरपूर आहेत. दुसरा आक्षेप जास्त वजनाचा आहे. वर चढणारा कायदा संशयावर चढायला लागला तर तो सूडाची शिडी होईल. बरोबर आहे, आणि म्हणूनच गांधीहत्येच्या खटल्याची आठवण इथे करायला हवी. ३० जानेवारी १९४८ ला गोपाळ गोडसे घटनास्थळी नव्हते. २० जानेवारीच्या फसलेल्या प्रयत्नातला सहभाग आणि कट यांमुळे त्यांना जन्मठेप झाली. सावरकर निर्दोष सुटले, कारण माफीचा साक्षीदार दिगंबर बडगे त्यांच्याबद्दल जे सांगत होता त्याला स्वतंत्र दुजोरा मिळाला नाही. दत्तात्रय परचुरे आणि शंकर किस्तय्या यांना पुढे सिमल्याच्या उच्च न्यायालयाने सोडलं. या निकालावर महाराष्ट्रात दोन्ही बाजूंनी सत्तर वर्षं रक्त आटवलं गेलं आहे. पण देशातला सगळ्यात संतापजनक खून समोर असताना, खून होऊन पुरतं सव्वा वर्षही उलटलं नव्हतं तेव्हा, एक न्यायाधीश प्रत्येक आरोपीचा पुरावा वेगळा मांडून बघत होता. गुन्ह्याची जबाबदारी व्यक्तीची, याचा दुसरा अर्थ हाच: ती विचारसरणीची, जातीची, खात्याची किंवा टोळीची म्हणून लावता येत नाही.

हेगच्या युगोस्लाव्हिया न्यायाधिकरणालाही हे जमलंच असं नाही. बोस्नियातल्या सर्ब सैन्याला माणसं, इंधन, दारूगोळा पुरवणारे युगोस्लाव्ह सेनाप्रमुख पेरिसिच यांना २०११ मध्ये २७ वर्षं झाली आणि २०१३ मध्ये ते निर्दोष सुटले. मदत गुन्ह्याकडेच रोखलेली होती हे सिद्ध झालं नाही, असं अपील न्यायपीठाला वाटलं. वर्ष उलटायच्या आत दुसऱ्या न्यायपीठाने ही कसोटीच चुकीची ठरवली. कोणाचं बरोबर यावर विद्वानांचे गट आहेत. मला यातून एवढंच घ्यायचं आहे की वरच्या माणसाचा वाटा मोजणं अवघड आहे, तरी तिथे ते मोजायचा प्रयत्न उघड्यावर होतो, चुकतो, दुरुस्त होतो. आपल्याकडे तो प्रयत्न मंत्रालयाच्या मंजुरीच्या फाइलवर होतो आणि तिथेच मिटतो.

लखनभैया खटल्यातल्या शिक्षेचं पुढे काय झालं, हे त्यामुळे सांगायलाच हवं. २०१३ मध्ये जन्मठेप झालेल्या पोलिसांपैकी ११ जणांची शिक्षा राज्य सरकारने डिसेंबर २०१५ मध्ये स्थगित केली. न्यायालयाने नव्हे, सरकारने. मारल्या गेलेल्या माणसाच्या भावाला, ज्याने २००६ च्या त्या दुपारी तारा केल्या होत्या, पुन्हा उच्च न्यायालयात जावं लागलं आणि तो आदेश रद्द व्हायला २०१९ साल उजाडलं. त्या आदेशाची टिप्पणी कोणीतरी मांडली असेल, कोणीतरी तपासली असेल, कोणीतरी खाली सही केली असेल. त्यांच्यापैकी कोणालाही आजवर कुणी काही विचारलेलं नाही, आणि विचारायचं ठरवलंच तर लावायला कलम नाही.